अक्षता

संमती कट्ट्यापाशी अकरापासून उभे आहोत,
मी आणि दस्तगीर.
त्याच्या टॉवेलात कडक भाकरी, शेंगाचटणी,
माझ्या मुठीत हळदीचे तांदूळ, घामानं चिकटलेले.

लग्न कुंभाराच्या पोरीचं.
नवरा म्हणून काठी.
सिद्धराम नाही म्हणाले, तर ती त्यांच्या योगदंडाशी लागली,
आणि गावानं, अख्ख्या गावानं,
विचारलं नाही वंश कसा चालायचा.

आम्हाला विचारलं.
अम्मानं मला जोगत्याकडे नेलं.
तो म्हणाला, लुगडं नेस, परडी घे, मग तू देवीचा.
पँट-शर्टातला देवीला दिसत नाही का?
त्यानं भंडारा लावला नुसता.

दस्तगीरला मौलवींनी चहा पाजला.
लूतच्या वस्तीची गोष्ट पुरी सांगून
हळूच म्हणाले, बेटा, दार लावून घेत जा.
त्या दारावरून आम्ही अजून भांडतो.

शेजारच्या एस्तेरबाईंनी प्रार्थनेत आमची नावं घेतली,
क्षमेसाठी की बरकतीसाठी,
मागच्या लूमच्या खडखडाटात
नीट ऐकू आलं नाही.

सत्यम सत्यम, कट्ट्यावरून आवाज.
दिड्डम दिड्डम.
लाखभर हात एकदम वर.
बाराबंदीतला एक म्हातारा ओरडला,
सरकू नका रे, पडू द्या अंगावर!

कुणी कुणाच्या नावानं फेकल्या, कोण जाणे.
दोन दाणे दस्तगीरच्या कानामागे अडकले.
तो झटकायला गेला.
मी म्हटलं, राहू दे,
अशोक चौकापर्यंत तरी.