चक्कीवरची साक्ष

पास्टर वाशिमहून येतात, महिन्यातले दोन रविवार,
मोटरसायकलच्या टाकीवर बायबलची पिशवी ठेवून.
आम्ही अकरा घरं. टिनाचं चर्च,
मार्चात दहालाच तापतं.
त्या दिवशी ते म्हणाले, आज उपदेश नाही, साक्ष द्या.
प्रभू कुठे भेटला, तेवढं सांगा.

शांतवनला विहिरीत भेटला होता, दोर तुटला तेव्हा.
तबीथाच्या सुनेला सरकारी दवाखान्यात,
खाट नंबर नऊ.
जोएलचा ट्रक उलटला होता कारंजा रोडला,
दर वर्षी उलटतो,
दर वर्षी एक पलटी जास्त.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.
उठले. धुतलेलं लुगडं,
तरी काठात पीठ होतंच.
म्हटलं, मला काही भेटला नाही, पास्टर.
हाक मारली असेल तर मारली असेल,
चक्की चालू असली की ऐकू येत नाही.

लेकरं हसली.
बसायला हवं होतं. बसले नाही.

म्हटलं, नथनेल गेला आणि चक्की माझ्या अंगावर आली,
पट्टा, वजनं, उधारीची वही.
सिलास म्हणाला, विकून टाक, पुण्याला ये.
मी रात्री अंधारात डोळे ताणून बसायचे,
एखादा उजेड, पांढरा झगा, काहीतरी.
पांढरं म्हणाल तर मीच होते,
भुवयांपर्यंत.

होळीच्या आधी यल्लप्पा आला, दगडाला टाकी लावायला.
तो येशू नव्हता, हे आधीच सांगते.
बिडी ओढतो, भाव वाढवून सांगतो,
मागच्या साली माझी छिन्नी घेऊन गेला.
पण काम झाल्यावर त्यानं
चालत्या चक्कीच्या पेटीला कान लावला,
पोटुशीच्या पोटाला सुईण लावते तसा,
आणि म्हणाला,
"दगड बोलते बाई, तुमी आयकून नाई रायल्या."

तेव्हापासून ऐकते.
ज्वारीचा आवाज जाड. गव्हाचा सलग.
हरभऱ्याची डाळ आधी भांडते, मग ऐकते.
दाणा संपत आला की दगड रिकामा ओरडतो,
मी पाठमोरी असले तरी
हात आपोआप जातो.
आणि या सगळ्याच्या खाली अजून एक आहे.
त्याला आवाज म्हणता येत नाही.
लाईन गेली की पट्टा थांबतो,
दगड आपल्याच वजनानं दोन घटका फिरत राहतो,
मग तोही थांबतो,
मग जे उरतं, ते.
आधी मला वाटायचं, काहीच उरत नाही.

पास्टर म्हणाले, आमेन, जरा उशिरानं.
बाहेर चपला घालताना जोएल म्हणाला,
"म्हंजे भेटला का नाई भेटला, मावशी?"
मी त्याच्या लेकराच्या नाकाला पदर लावला.

सोमवारी सहालाच लाईन गेली.
ओट्यावर डबे रांगेत.
सरपंचीणबाईचा स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला.
अस्लमच्या आईचा तेलाचा पिपा.
तांड्यावरल्या जमनीची पिशवी, सुतळीनं तोंड बांधलेली,
तिला आत काय आहे हेही सांगायचं नसतं.
ठेवून गेल्या.
कुणी मोजून पाहिलं नाही, आजवर कधीच नाही.
थोडी तूट येते, ती धरूनच ठेवतात.
त्यांची तूर सोंगायची आहे, त्यांचं पाणी भरायचं आहे,
दळण आपलं होईल तेव्हा होईल.

मी किती वर्षं हे बघत होते
आणि माझं सगळं काखेत धरून उभी होते,
सिलास, गुडघे, पावसाळ्यात गळणारा टिन,
आधी पावती दे म्हणत.

माळावरचा पळस दिसेनासा झाला.
आत जाऊन माझी ज्वारी आणली, अडीच पायल्या,
रांगेच्या शेवटी ठेवली.
दळणारी मीच, हे ठाऊक असून.
झाकणावर खडूनं नाव लिहिणार होते.
राहू दिलं.

ओट्यावर टेकले.
अंगावरचं पीठ झटकलं नाही.