किती धीर

उदगीरला, देगलूर रोडच्या खोलीत
मी खेळांची जोडणी लिहितेय, दुसऱ्यांनी वापरायची.
पहिल्या आराखड्यात अठरा पर्याय होते.
रियाजोद्दीन म्हणाला, "ताई, इमान उडवायचंय का?
मला निस्ता विटीदांडू खेळवायचाय, दोघांचा."

मग पुसत गेले. पत्ता तेवढा राहिला;
बाकीचं मीच ठरवलं, माझ्या वायफायवर:
पाच सेकंद, तीन प्रयत्न, मग दार बंद.

आठवड्यानं जळकोटहून फोन,
पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून:
"विटी हवेतच अडकली, ताई.
माझा गडी बाराव्या सेकंदाला परत येतो,
तुमचं यंत्र पाचव्यालाच त्याला बाद करतंय.
अन् ते सांगायला जागाच ठेवली नाही तुम्ही."

जागा.
रात्रभर तेवढाच शब्द.
अठराही नकोत, एकही पुरेना;
न सांगता चालावं, सांगितलं तर ऐकावं.

पहाटे तीन ठेवले. तिसऱ्याचं नाव लिहिलं 'धीर',
न दिल्यास पंधरा.

पुण्याहून शेरा आलाय: नाव बदला, टाइमआउट म्हणा.
उत्तर दिलेलं नाही अजून.
खाली मोबाइलच्या दुकानाचं शटर वर जातंय,
जळकोटात विटी
हवेत आहे, आणि कुणी बाद नाही.