एक जानेवारी, बारा वाजून तीन

कॉम्प्युटर लेकाचा. मस्कतला जाताना त्याने
त्यावर आईचं जुनं लुगडं घातलं,
म्हणाला, खाऱ्या वाऱ्यापासून जपा.
चाळीस वर्षं मी या खाडीत तर चालवली.
वाऱ्यापासून काय जपणार?

मला त्यात बुद्धिबळ हवंय, बाकी काही नको.
इब्राहीम सोलकर लेकीकडे कळव्याला गेला, सातव्या मजल्यावर.
आमचा डाव तरीच्या फळीवर चालायचा,
एका खेपेत चार चाली, लग्नाचं वऱ्हाड असलं तर दोनच.
काळा हत्ती पाण्यात पडला,
त्या जागी सुपारी ठेवली होती. तीही नंतर कुणीतरी खाल्ली.

स्टोअर उघडतं. घोड्याचं तोंड दिसतं.
बटण दाबलं की एक गोल फिरत राहतं
भोवऱ्यात सापडलेल्या करवंटीसारखं,
आणि मग: काहीतरी चुकलं.
काय, ते सांगत नाही. खाली नुसता आकडा.
तो मी जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर लिहिला,
शून्य फुली आठ शून्य शून्य सात दोन एफ आठ एफ,
आणि लेकाला फोनवर वाचून दाखवला.
तो ड्यूटीवर. म्हणाला, बंद करून चालू करा.

केलं. राऊटरची वायर काढली,
पिनेवर पांढरं काही होतं, जिभेला लावून पाहिलं.
आपल्याच खाडीचं मीठ.
पुसलं. पासवर्ड बदलला. स्टोअरचा जुना साठा रिकामा केला.
काहीतरी चुकलं.

चौथ्या दिवशी झेरॉक्सवाली नाझनीन मुकादम आली,
आकड्याकडे तिने बघितलंही नाही,
उजवीकडचा खालचा कोपरा बघितला.
'काका, हे कुठल्या सालात राहतंय?'

एक जानेवारी दोन हजार नऊ. बारा वाजून तीन.
दारात संध्याकाळचे सहा, गणपती आठ दिवसांवर.
आतला सेल मेलाय, म्हणाली, बटणाएवढा असतो.
लाइट गेली की हे मागे जातं.
दुकानाचा परवाना पुढच्या सालातला,
हे म्हणतं, असं साल अजून आलंच नाही.
दुकान दार लावत नाही, काका. आपलंच मशीन लावतंय.

दोन हजार नऊ.
तेव्हा पूल नव्हता.
पहिली खेप साडेपाचची: दुधाचे कॅन, मास्तरीणबाई,
एखादी बकरी, आणि इब्राहीम सोंगट्या मांडत,
'पांढऱ्या तुला, भरती मला.'
म्हणजे बिघडलं नव्हतं हे.
लाइट गेली की गुपचूप
आमच्या धक्क्यावर जाऊन बसत होतं.

नाझनीनने माउस माझ्या हातात दिला. तुम्हीच बदला.
एकेक साल पुढे ढकललं.
तेराला पूल आला.
पंधराला वल्हं माळ्यावर गेलं.
सोळाला ही गेली, लुगडं राहिलं.
तिथे बोट जरा थांबलं असेल, पोरीने घाई केली नाही.
पुढची सालं पटापट गेली, त्यांत तसं काही नव्हतं.

मग घोडा हलला. एकवीस टक्के. चाळीस.
त्रेसष्टवर लाइट गेली.
नाझनीन अंधारात एवढी हसली की
शेजारच्या पडवीतून कुणीतरी विचारलं, काय झालं गो?

उद्या पावसच्या बाजारात जाऊन सेल आणायचा.
चाळीस रुपये पडतील म्हणे.

रात्री नव्हे, तेव्हाच, मिट्ट अंधारात फोन.
'आला काय रे खेळ?'
म्हटलं, नाही अजून. पांढऱ्या कुणाच्या, ते सांग.
पलीकडे लिफ्टचं दार वाजलं.
'तुझ्या,' म्हणाला. मग जरा थांबून,
'आज भरती किती वाजता?'
एकादशी. अकराची पाऊणपट.
सव्वाआठ, म्हटलं.