निळे तंतू

रेमंड डॉड्सच्या मांडीतून काढलेला
तांदळाएवढा तुकडा गोठवून
मी त्याचे काप काढते आहे, केसाहून बारीक.
वय एक्याऐंशी. टाइनकाठच्या गोदीत चाळीस वर्षं वेल्डर.
सुई आत जाताना त्यानं विचारलं होतं,
"उरलंय का काही अजून, पेट?"

न्यूकॅसलमध्ये कुणालाही पेट म्हणतात.
भाजीवाला म्हणतो, बँकेतली पोर म्हणते.
आमच्यात त्याचा अर्थ काय होतो
ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रंग दोनच.
आत नीट जळतं आहे तिथं तपकिरी,
विझलं तिथं निळा.

परतवाड्याला दहावीत बाईंनी फळ्यावर लिहिलं, तंतुकणिका.
मागून कुणी तरी म्हणालं, कणीक!
अख्खा वर्ग हसला, बाईसुद्धा.
तसं फार चुकलं नव्हतं.
रोज भाजायचं, रोज खायचं,
आणि त्याच चुलीच्या धुरानं
घर काळं होत जायचं.
नकलेवरून नक्कल उतरताना
मधलं एखादं पान गळतं,
आणि नेमकी तीच तोकडी प्रत
कोपऱ्यात गुपचूप वाढत राहते.

खालच्या खणात माझीही काच आहे.
तरुण नमुने कमी पडले म्हणून दिला होता तेव्हा.
"स्त्री, २९." सगळी तपकिरी,
खरपूस, एकही डाग नाही.
गेल्या महिन्यात, निवृत्तीआधी, पुन्हा दिला.
"स्त्री, ६०."
निळे मोजले. सात.
पुन्हा मोजले. सातच.

हे वडिलांकडून येत नाही.
आईकडून येतं, तिला तिच्या आईकडून,
जिचं माहेरचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.
मला दोन मुलगे.
त्यांच्यात छान धडधडतं आहे,
धाकटा तर सायकलनं लीड्स गाठतो.
पण त्यांच्याकडून पुढं जायचं नाही.
विस्तव मागायला शेजारी जावं
आणि शेजारचं दार शेवटचं निघावं, तसं.

डॉड्सचे किती निळे, ते त्याला सांगायची मुभा नाही.
कागदावर आकडा लिहिते, दिवा मालवते.

नदीकडून वर येणाऱ्या पायऱ्यांवर
पासष्टाव्या की सहासष्टाव्या पायरीशी थांबले,
कठडा धरून. जानेवारी. तोंडातून वाफ.
खाली उतरणारी एक बाई, हातात माशांची पिशवी,
वळून म्हणाली,
"बरी आहेस ना, पेट?"

हो, म्हटलं.
बऱ्यापैकी.