पाचवा स्क्रू

सव्वा वर्षात कंट्रोलर बिघडला.
बिघडला म्हणजे मेला नाही.
काडी सोडली तरी माझा खेळाडू
आपोआप डावीकडे चालत राहतो
भिंत लागेपर्यंत,
आणि भिंत लागली की भिंतीतच चालतो.
वॉरंटी बारा महिन्यांची.
कुणीतरी कुठल्यातरी तक्त्यात
हा हिशेब मांडलेला आहे आणि तो चुकलेला नाही.

माझी मतं ऑफिसात पाठ आहेत सगळ्यांना.
फ्रीजला वायफाय नको.
चार्जर खोक्यातच यावा.
नव्वद जीबी मागणाऱ्या खेळाने
आधी आपली ओळख करून द्यावी.
विकत घेतलं ते आपलं, भाड्याचं ते भाड्याचं,
मधलं काही असू नये.
महाप्याच्या कँटीनमध्ये मी हे सुरू केलं
की चिन्मयी वर्तक ताकाचा ग्लास उचलून
दुसऱ्या टेबलावर जाते.

सेलमध्ये घेतलेले दोनशे अकरा खेळ आहेत माझ्याकडे.
उघडलेले चौतीस.
संपवलेले सहा, त्यातला एक पत्त्यांचा.
यावर माझं मत नाही.

घणसोली गावात, देवळामागच्या बोळात
हसुराम म्हात्रेचं दुकान.
मिक्सरची भांडी, गिझरची पोटं, रिमोटांचा ढीग,
हळदीत वाजून वाजून फाटलेला एक स्पीकर.
त्याने चार स्क्रू काढले.
मग लेबलवरून अंगठा फिरवला, नखाने ते सोललं,
खाली पाचवा.
मी या यंत्रावर वर्षभर तावातावाने बोललोय,
पाचवा मला माहीत नव्हता.

आत नखाएवढा काळा पट्टा,
एका बाजूला झिजून पांढुरका.
“असाच बनवतान ते, दादूस.”
रागाने नाही.
भरतीची वेळ सांगावी तसं.
“दोन-तीन महिने चालंल. मंग परत ये.”

ऐंशी रुपये.
मी सुटे शोधत होतो तेवढ्यात म्हणाला,
“काय काम करतंस?”
म्हटलं, कॉम्प्युटर.
त्याने तडा गेलेला फोन पुढे सरकवला,
“मंग यो बंद कर ना जरा.
दर महिन्याला नव्याण्णव जातान. कशाचे, ठाव नाय.”

पावलं मोजणारं ॲप होतं. दिवसभर स्टुलावर बसणारा माणूस.
सेटिंग, खातं, योजना, आणखी.
एक रडणारा पक्षी आला. खरंच सोडून जाताय?
खाली केशरी, पोळपाटाएवढं बटण: राहतो.
आणि त्याच्याही खाली, जिथे बोट सहसा जात नाही तिथे,
राखाडीवर राखाडी अक्षरं.

मला शोधावं लागलं नाही.
ती जागा मी निवडली होती,
दुसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या स्प्रिंटमध्ये.
(पक्षी माझा नाही. पक्षी डिझाइनवाल्यांचा.)
रिव्ह्यूत चिन्मयीने एकच ओळ लिहिली होती:
हे कुणाच्या आईला सापडेल का?
मी उत्तर दिलं, आऊट ऑफ स्कोप,
आणि तिकीट बंद केलं.
आकडे वाढले. पिझ्झा आला.

“झालं,” मी म्हणालो.
“येवरा पटकन?”
हो, म्हटलं. सवय आहे.
त्याने ऐंशी रुपये घेतले नाहीत.
मी काउंटरवर ठेवून आलो असं लिहिणार होतो.
नाही ठेवले. त्याने हातात कोंबले
आणि मी खिशात घातले.

रात्री पावण्याकडून तो वास आला, नेहमीचा,
सडक्या सफरचंदासारखा. खिडकी लावली.
खेळ सुरू केला, काडी सोडली.
खेळाडू उभा राहिला.
जागच्या जागी. खांदे वरखाली,
मग एका पायावरचा भार दुसऱ्यावर,
मग मनगट खाजवलं.
काहीच न करतानाचं हे हलणं
कुणीतरी बसून लिहिलंय, कुठल्यातरी मजल्यावर,
ज्यातून कुणाचा एक रुपया सुटत नाही.
मी बराच वेळ काही दाबलं नाही.
त्याने पुन्हा मनगट खाजवलं.