आवक-जावक

ग्रामपंचायतीच्या जुन्या कोंडवाड्यात
आमचं सल्ला केंद्र.
गुरं गेली, खुंटे राहिले.
एका खुंट्याला मी पिशवी अडकवते.

मानधन मार्चपासून थकलंय.
पाटीवरची ‘शासन अनुदानित’ ही अक्षरं
अजून ठसठशीत आहेत, कारण
रंगाचे पैसे आगाऊ आले होते.

पावणेदहाला शालिकची काळीपिवळी जाते.
मी दारातून पोट्टे मोजते :
पुढं चार, मधे सहा, मागं पाच,
दोघे शिडीवर, दप्तरं टपावर.
आवक वहीच्या शेवटच्या पानावर
रोज सतरा लिहिते.
असं लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही.

बोरखडीचा रपटा खचला
त्या पंधरवड्यात मी अर्ज लिहिला.
रसवंता मडावीनं अंगठा दिला,
तिच्या दोन्ही पोरी मागच्या बाकावर.
जावक क्रमांक एकेचाळीस.

नोटीस आली ती शालिकला.
शालिकला वाचता येत नाही,
म्हणून ती घेऊन तो
माझ्याकडेच आला.

चप्पल बाहेर काढून बसला.
माझेच शब्द मी त्याला वाचून दाखवले;
साहेबाच्या सहीवर ते
जरा जास्तच कडक झाले होते.
‘क्षमतेपेक्षा अधिक’. ‘जीवितास धोका’.
मधेच मी पाणी प्यायले.

तो म्हणाला, बरोबर लिवलं, ज्यानं लिवलं त्यानं.
पण मांगच्या दाराचा खटका तुटला हाये,
सुतळीनं बांधतो मी, थे राह्यलं.
थे बी लिवा.

मग बराच वेळ बोलला नाही.
बाहेर कुणाची तरी बकरी
भिंतीवरच्या परिपत्रकाची खळ चाटत होती.

गाडी बंद केली तं हे पोट्टे जातीन कायनं?
निळी बस फाट्यावरूनच वळते.
फाटा साडेतीन किलोमीटर, मधात रपटा.
तुमी बशीचा अर्ज लिवा, बाई.
पयली सही माही.

शा, लि, क.
स्वतःच्या गाडीच्या काचेवर
रंगवलेली बघून पाठ केलेली तीन अक्षरं,
काचेवर असतात तशीच तिरपी.
जावक क्रमांक बेचाळीस.

पोच मिळाली आहे.
बस नाही.

आज काळीपिवळी हळू गेली.
मी मोजले : अकरा.
पेन उघडंच धरून थांबले.
अर्ध्या तासानं ती रिकामी परत आली,
उरलेल्या सहांसाठी.

दुसऱ्या फेरीचं डिझेल कोण देतं,
मी विचारलं नाही.
वहीत आता दोन रकाने पाडलेत.
मागच्या दाराला
नवी सुतळी होती.