आनेवाडी ते तासवडे

गुरुवारी रात्री, पावणेदोनच्या आसपास,
सहा नंबरच्या लेनमध्ये ती येते.
हळदीच्या रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली.
माझ्या खिडकीतून आतला माणूस दिसत नाही,
टपावर आमची ट्यूबलाइट तेवढी लांबत जाते.
फास्टॅग वाचला जातो, दांडा उठतो,
आणि मग तो आवाज.
पहिल्यांदा ऐकला तेव्हा
माझा जेवणाचा डबा झाकणासकट थरथरला होता.

मी तासवड्याच्या नाक्यावर रेहानाला फोन लावते.
"निघाली गं."
"लाव घड्याळ."

मधे पन्नास किलोमीटर, वर थोडे.
पहिल्या गुरुवारी एकोणीस मिनिटं.
मग अठरा. मग सतरा आणि काही सेकंद.
पैज एका वडापावची,
पण हरले तरी मला बरंच वाटायचं.
रात्रभर एका स्टुलावर बसून
दुसऱ्यांचं जाणं मोजायचं,
त्यात कुणीतरी इतक्या जोरात जातंय
एवढंही पुरायचं.

रेहानाने त्याला एकदा पाहिलं.
टॅगमध्ये पैसे नव्हते, म्हणून काच खाली आली.
सांगलीच्या कुण्या अडत्याचा पोरगा असणार, ती म्हणाली,
नुकती मिसरूड फुटलेला.
नोटा मोजताना त्याचे हात थरथरत होते
आणि तो हसत होता,
जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सतरा झाली.
वीस झाली.
"चहाला थांबला असंल," रेहाना म्हणाली.
तो चहाला थांबत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.
सव्वीस.

तेव्हा पहिल्यांदा मला मधला रस्ता आठवला.
तोवर इकडे मी, तिकडे ती, आणि मधे नुसता आकडा.
आता त्या आकड्यात एकेक गाव दिवा लावू लागलं.
लिंब खिंडीचा उतार. शेंद्रे. बोरगाव.
नागठाणे, जिथे माझं दार हायवेपासून
दोनशे पावलांवर आहे.
आणि नागठाण्यातून याच वेळी निघालेला
माझा भाऊ मच्छिंद्र,
दोन ट्रॉल्या ऊस घेऊन
कराडकडच्या कारखान्याला नंबर लावायला.
मागचा लाल दिवा गेल्या सीझनपासून फुटका.
"बसवतो की," असं चारदा म्हणालेला.

त्याला फोन लावला. वाजत राहिला.
ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठी असतात
की त्याला स्वतःची खोकलीही ऐकू येत नाही.
माझ्या लेनमध्ये एक कंटेनर हॉर्न देत उभा होता
आणि मला बटण सापडत नव्हतं.

एक्केचाळीस.
"आली," रेहाना म्हणाली.
मग थोडा वेळ काहीच बोलली नाही.
"हळू आली. ट्रकांच्या लेनमधनं.
थंडीत काच उघडी.
पुढच्या जाळीत पाचट अडकलंय, हिरवं."

सकाळी घरी जाताना मी जीप थांबवायला लावली.
रस्त्यावर दोन काळे पट्टे,
सरळ, मग थोडे डावीकडे सरकलेले.
मी त्यांच्या कडेकडेने चालत गेले.
एकशे नऊ पावलं.
जिथे ते संपत होते तिथे
चिरडलेल्या उसाचा चिकट डाग,
त्यावर मुंग्या आल्याही होत्या.

मच्छिंद्र अंगणात दात घासत होता.
"मागं कोण होतं का रात्री?" मी विचारलं.
"कुठं मागं?" तो म्हणाला.

दिवा मी दुपारी स्वतः आणला, एकशे ऐंशी रुपयांचा,
आणि तो बसवेपर्यंत ट्रॉलीपाशी उभी राहिले.

पुढच्या गुरुवारी दांडा उठला.
डबा थरथरला, पण मागच्यापेक्षा कमी,
की मीच तो हाताने धरला होता?
फोन आला.
"निघाली का गं?"
"लक्ष नव्हतं माझं," मी म्हणाले.

दोनला बारा मिनिटं कमी होती.